आमच्या गावात हॅरिसन लागतो

हॅटन क्रीक, इंडियाना
जानेवारीची अखेर (तारीख मुद्दाम घालत नाही. घातली की दिवस मोजावेसे वाटतात.)

तीर्थस्वरूप वर्नाआत्याच्या पायांशी, हातमोजे न काढता, दोन्ही हातांनी लायलचा नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? ॲरिझोनातल्या उन्हात ते कुरकुरत नसावेत. दाराशी लावलेल्या निवडुंगाला फूल आलं का? आणि पत्त्यांत लबाडी करणारे ते तुझे शेजारी, अजून लबाडी करूनही हरतात का? इकडे आम्ही सारे मजेत आहोत. म्हणजे नोरीन मजेत आहे, कुत्रा मजेत आहे, आणि मी अजून आहे. हे पत्र बघून तुला वाटेल की लायलला फोन करायला काय झालं. तर आत्या, फोनवर हॅटन क्रीकचं नाव काढलं की नेमकं तुझ्या दारावर कोणीतरी येतं. गेली कित्येक वर्षं तुझ्या दारावर इतकी माणसं आली आहेत की एवढी वस्ती ॲरिझोनात असेल असं वाटत नाही. म्हणून लिहितो. पत्र वाचताना दार वाजलं तरी ते संपवूनच उठ.

एका दमात सांगून टाकतो. येत्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष दिनाला हॅरिसन मी आहे.

एवढं वाक्य लिहायला तीन कागद फाडले बघ. पेनाचा दोष नाही, पेन नवीन आहे. तू म्हणशील, लायल, साठी ओलांडलेला बाप्या माणूस तू, दोन तास पायऱ्यांवर उभं राहून भाषण वाचायला घाबरतोस? हो, घाबरतो. माझी पाचावर धारण बसली आहे. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. (परवा चर्चच्या जेवणात मी राजम्याची तिखट चिली तीन वाट्या खाल्ली असं नोरीन म्हणेल. ती भीतीची भूक होती, तिचा हिशेब वेगळा.)

हा सारा घाट तूच घातलास, म्हणून तुझ्याशीच बोलतो. बाकी सारा देश त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांचे गोडवे गातो आणि दुकानांत गाद्यांवर सवलत देतो. हॅटन क्रीक हे एकच गाव असं, की जिथे माणसं राष्ट्राध्यक्षांचे कपडे चढवून कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहतात, आपापली सगळ्यात वाईट चूक सांगतात, आणि खाली उभं असलेलं गाव ‘माफ’ किंवा ‘नाही’ असं ओरडतं. तू शाळेत इतिहास शिकवायचीस तेव्हा म्हणायचीस, मोठ्या माणसांच्या चांगल्या गोष्टी पुतळ्यांना सांगू द्या, आपण चुका सांगू. छान कल्पना! फक्त त्याबरोबर तू नियमही केलेस. जो जसा वागला तसंच वागून दाखवायचं. अदलाबदल दोघांच्या राजीखुशीने. आणि एकदा टोपीतून निघालेली चिठ्ठी परत टोपीत जायची नाही. हे नियम ओडेट स्टकी अजून बायबलच्या वरताण पाळते. (तू गेल्यापासून समिती तिच्या ताब्यात आहे. आवाज तोच, दात नवे.)

तर नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चर्चच्या तळघरात जेवणं झाली, टोपी फिरली, आणि हॅरिसनची चिठ्ठी निघून माझ्या हातात आली. कशी आली ते विचारू नकोस. नशिबाच्या गोष्टी उकरू नयेत.

आता हॅरिसनबद्दल मी तुला शिकवणं म्हणजे काशीत गंगाजळ विकणं. पण लिहिलं की भीती थोडी पातळ होते, म्हणून लिहितो. अठराशे एक्केचाळीस सालचा मार्च, हवा बोचरी, आणि अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ शपथ घ्यायला उभा राहिला तो अंगात ओव्हरकोट नाही, डोक्यावर हॅट नाही. म्हातारा म्हणतात काय मला, बघा! आणि जवळजवळ दोन तास बोलला. त्यात अर्धं भाषण रोमबद्दल. रोमवाल्यांनी याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. महिन्याभरात कारभार आटोपला, त्याचाही आणि सरकारचाही. तू वर्गात नेहमी म्हणायचीस की हा माणूस राष्ट्राध्यक्ष होण्याआधी इथला गव्हर्नर होता, तेव्हा त्याने कागदावर सह्या घेऊन घेऊन इथल्या मूळ लोकांच्या जमिनी काढून घेतल्या, ती चूक कोणाच्या लक्षात नाही, कोट घातला नाही ही मात्र सगळ्यांना पाठ. खरं आहे. पण आत्या, जमिनींची चूक सांगायला मी कोट घालून उभा राहीन की!

गावात आता सरळ म्हणतात, ‘हॅरिसन लागतो.’ भूत लागावं तसा. अमक्याला हॅरिसन लागला, कंबर मोडली. तमक्याला लागला, आवाज गेला तो ईस्टरनंतर आला, आणि आला तोही बायकी. एकजण तर आदल्या दिवशी बायकोला घेऊन फ्लोरिडाला गेला तो परतलाच नाही. त्याला न लागताच लागला. रस्त्याने जाताना लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मी विकायला काढलेलं घर आहे. आपला वेंडेल क्राउस, जो गावची प्रेतं सजवून मापाच्या पेटीत घालतो, तो तर हल्ली फार प्रेमाने वागतो. काल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “लायल, खांदे भरले रे तुझे.” घरी येऊन मी दार लावून घेतलं.

तेव्हा मी अदलाबदलीच्या मागे लागलो. पहिल्यांदा मर्व्हिनकडे गेलो, तो यंदा ब्यूकॅनन आहे. ब्यूकॅननची चूक म्हणजे काहीही न करणं. एकामागून एक सात राज्यं देश सोडून चालती झाली, आणि हा म्हणत बसला की त्यांनी जाणं बेकायदा आहे, पण त्यांना अडवणंही माझ्या हातात नाही. पुढे लढाई झाली ती दुसऱ्याच्या गळ्यात. आपल्याकडे ब्यूकॅननला पायऱ्यांवर आरामखुर्ची मिळते, कोट मिळतो, गुडघ्यांवर कांबळं मिळतं, आणि राज्यं समोरून उठून जात असताना नुसतं बघायचं असतं. मी मर्व्हिनला हात जोडले. म्हटलं, बाबा रे, तुला काय, तुझी छाती घोड्यासारखी आहे, तू हॅरिसन घे. तो म्हणाला, “लायल, लग्न झाल्यापासून मी हीच तालीम करतोय. बायको ओरडते, मी खुर्चीत बसून बघतो. आता कुठे त्याचं चीज होतंय आणि तू मला उभं करतोस?” त्यावर आतून त्याची बायको ओरडली, आणि तो खुर्चीत बसून बघत राहिला. अशा कलावंताला काय बोलणार!

मग ओडेटकडेच हूवर होता, तिच्याकडे गेलो. हजारावर अर्थपंडितांनी सह्या करून विनवलं की परदेशी मालावरची जकात वाढवू नका, आधीच दिवस वाईट आहेत, आणि त्याने ती वाढवणाऱ्या कायद्यावर सही ठोकली. एक टेबल, एक पेन, एक सही. पाच मिनिटांत मोकळा. ओडेट म्हणाली, “मला कोणाचंही न ऐकता सही करायची भूमिका मिळाली आहे, ती मी सोडीन होय?” बरोबर आहे म्हणा. निक्सन मागायला गेलो, तर ती चिठ्ठी आपल्या न्हाव्याकडे. स्वतःच्याच कचेरीत यंत्रं लावून स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच जपून ठेवणारा तो महाभाग! न्हाव्याने त्यासाठी महिनाभर दुकानात येणाऱ्यांची बोलणी टेप करून ठेवली आहेत, त्यामुळे गावात सध्या केस कोणी कापत नाही आणि त्याला कोणी दुखवतही नाही. जॅक्सन मी मागितला नाही. तो कोणीच मागत नाही. ज्याच्या वाट्याला येतो तो पायऱ्यांवर उभा राहून एवढंच सांगतो की चेरोकी लोकांना घरांतून हुसकून पश्चिमेला चालवत नेण्याचा पाया मी घातला, आणि वाटेत हजारो मेले. मग सगळे टोप्या काढून उभे राहतात. माफ असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही, आणि तेही तूच शिकवलंस.

आणि गार्लंडचं नशीब बघ! गार्लंड यंदा विल्सन आहे. विल्सनला झटका आला, अंग लुळं पडलं, आणि कित्येक महिने देशाला पत्ताच लागू दिला नाही. बायको दाराशी उभी राहून ठरवायची की कोणता कागद आत जाईल. म्हणजे आपल्या पायऱ्यांवर एक चांगला पलंग येतो, पिसांच्या गादीचा, वर तीन गोधड्या, पायाशी गरम पाण्याची पिशवी, आणि गार्लंडने डोळे मिटून नुसतं पडायचं. बोलायचं काम ओडेट करणार. (सही करून झाली की ती लगेच बायको होते. तिला ते जमतं.) मी तिथे कुडकुडत रोमचा इतिहास वाचणार आणि माझा जन्माचा दोस्त बाजूला घोरणार! गेल्या शरदात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी छाती उघडून घेतल्यापासून त्याला झोपही छान लागते. गार्लंडकडे मात्र मी अदलाबदल मागायला गेलो नाही. का गेलो नाही ते सोड.

मग म्हटलं, भागूबाईसारखं रडून काय होणार, शरीराला सवय लावावी. घरामागे उभा राहून वाचायला लागलो, तर वेंडेल कुंपणावरून टाळ्या वाजवू लागला. ते ऐकवेना. म्हणून बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो, तिथे गोठवलेल्या भाज्यांची कपाटं आहेत. कोट काढला, दार उघडून समोर उभा राहिलो आणि मटारांना उद्देशून भाषण सुरू केलं. सुरुवातीला बरं चाललं होतं. अंग गारठलं, पण मटार शांतपणे ऐकत होते, इतका चांगला श्रोता मला पुढे मिळायचा नाही. ग्रीसवरून रोमवर आलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर ही गर्दी! एक म्हातारी बाई काठी टेकून उभी. म्हणाली, “राष्ट्राध्यक्ष महाराज, देश जरा तसाच राहू द्या आणि मला मक्याची पिशवी काढून द्या.” मी दिली. मग व्यवस्थापक आला, त्याने अगदी सौम्यपणे विचारलं की घरी कोणाला फोन करू. नोरीन आली. गाडीत बसेपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि मग घरापर्यंत थांबली नाही.

तेव्हापासून मला शिंका येतात. म्हणून डॉक्टरीण बाईंकडे गेलो. (तरुण आहे, ॲम्सेल नाव, नळी गरम करून छातीला लावते.) ती म्हणाली की छाती साफ आहे, काहीही नाही. मी म्हटलं, नीट ऐका, तो हॅरिसनसुद्धा साफच होता. तर हसली आणि म्हणाली की तो थंडीने गेला असं आता कोणी छातीठोकपणे सांगत नाही. भाषणानंतर जवळजवळ तीन आठवडे तो हिंडत-फिरत होता, मग आजारी पडला. काहींचा संशय आहे की व्हाइट हाउसचं पाणीच घाण होतं. झालं! आगीतून फुफाट्यात. आतापर्यंत फक्त हवेला भीत होतो, आता पाण्यालाही भितो. नळाचं पाणी बंद केलं आहे. कॉफीसुद्धा उकळून उकळून पितो, ती चमच्याने खावी लागते.

हसलीस ना? हस. आता जे लिहितो ते मात्र हसत वाचू नकोस.

आत्या, मला बाबा दिसतात. त्या वर्षी हॅरिसनची चिठ्ठी बाबांना आली. मी शाळेत होतो. चढण्याआधी त्यांनी तो करडा ओव्हरकोट काढून तुझ्या हातावर टाकला आणि म्हणाले, “धर गं वर्ने, आलोच रोमला जाऊन.” बर्फ पडायला लागलं. लोक एकेक करून चर्चच्या तळघरात चिली खायला गेले, मीही गेलो, आणि तळघराच्या वरच्या खिडकीतून बघत राहिलो. बाबा वाचत होते. समोर तू एकटी. हातावर कोट. तुझ्या ओठांवरून दिसत होतं की तू म्हणते आहेस, एमरी, पुरे कर, हा घे. आणि बाबा मान हलवून पुढचं पान उलटत होते, कारण नियम तुझाच होता. शेवटी आम्ही खिडकीतून ‘माफ’ असं ओरडलो. मार्च संपायच्या आत बाबा गेले. तू त्याच वसंतात इथली हवा मानवत नाही म्हणून निघून गेलीस, आणि कोट घेऊन गेलीस. ॲरिझोनात ओव्हरकोट!

म्हणून मला भीती वाटते. कळतं पण वळत नाही. पायऱ्यांवर मी चढेन, चष्मा लावेन, मान वर करेन, आणि समोर कोणी नसेल, याची. मरायची तर आहेच; पण रिकाम्या चौकाला दोन तास बोलत मरायची जास्त आहे. असो. फार लांबलं. निवडुंगाला माझा दुरून नमस्कार, लबाड शेजाऱ्याला जवळून. घरात लहान कोणी नाही म्हणून आशीर्वाद कुत्र्याला दिले.

तुझा, अजून तरी,
लायल

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ओडेट माझं ऐकत नाही, पण नियम करणारी तू आहेस. तिला फोन करून एवढंच सांग की हॅरिसनने कोट घातला तरी चालेल. गळपट्टाही. आणि भाषण रोमच्या आधी थांबवावं. तूच वर्गात म्हणायचीस ना, राष्ट्राध्यक्षांच्या चुकांमध्ये सगळ्यात वाईट कोणती, तर चूक कळल्यावरही तीच धरून बसणं?

ता. क. दुसरा. फोन करू नकोस. मी रात्रभर विचार केला. कोट घालून उभा राहिलेला हॅरिसन म्हणजे चूक न केलेला हॅरिसन, मग लोक माफ तरी कशाला करतील?

ता. क. तिसरा, पण हा माझा. आत्या, मी नोरीन. नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्या हाती दिलं म्हणजे मी वाचणारच, एवढं त्याला कळायला हवं होतं. या माणसाने सगळं लिहिलं आणि एक गोष्ट गिळली. हॅरिसनची चिठ्ठी याला आलीच नव्हती. ती आली गार्लंडला. बिचाऱ्याने उघडली आणि भिंतीसारखा पांढरा पडला, डॉक्टरांनी त्याला अंगणातला बर्फसुद्धा काढायचा नाही म्हणून बजावलंय. पण चिठ्ठी परत टोपीत जात नाही ना! आणि गार्लंड हटवादी, कोणाकडे मागणार नाही. तेव्हा आमचे हे शूर वीर उठले, त्याच्या हातातली चिठ्ठी ओढली, स्वतःची त्याच्या खिशात कोंबली, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “विल्सनच्या पलंगाने माझी पाठ दुखते, तूच झोप.” गार्लंड हसला, आणि ओडेटने तीच राजीखुशी धरली. तो पिसांचा पलंग, त्या तीन गोधड्या, सगळं याच्या वाट्याचं होतं. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात जाऊन बसला आणि दात वाजत होते ते मला बाहेर ऐकू आले. तेव्हापासून रोज भितो आणि रोज भाषण पाठ करतो. माझं तर डोकं फिरायची वेळ आली आहे, पण आत्या, खरं सांगू का, एवढा अभिमान मला लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता. त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल.

ता. क. शेवटचा. नोरीनचं हस्ताक्षर दिसतंय, तिने काय लिहिलं ते मी वाचत नाही. (वाचलं. तिखटमीठ लावायची तिला सवय आहे. माझी पाठ खरंच दुखते.) तर आत्या, एक गोष्ट फोनवर सांगायची राहून राहून राहिली, कारण तुझं दार. आई जायच्या आधी मला सांगून गेली. बाबांचं हृदय त्या भाषणाच्या कितीतरी आधीच थकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार दिवस नाहीत. बाबा आईला म्हणाले, वर्नाला कळू देऊ नकोस, ती लगेच नियम मोडेल, आणि मला हे भाषण करायचं आहे. म्हणजे तुझ्या कोटाने काही झालं नाही आणि तुझ्या नियमानेही नाही. त्या दिवशी खिडकीतून आम्ही एकट्या बाबांनाच माफ म्हटलं, आणि तू चौकात तशीच उभी राहिलीस. हे माझ्या मनात फार दिवस आहे.

कोट तुझ्या कपाटात असेल. तो पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. वक्त्याने कोट घालू नये असा नियम आहे. ऐकणारीबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, मी ओडेटकडून तपासून घेतलं. तेव्हा यंदा तो हातावर धरायचा नाही. अंगात घालायचा, गुंड्या लावायच्या, आणि पहिल्या पायरीसमोर उभं राहायचं. मी रोमला पोचेपर्यंत तरी थांब.